पडक्या चिऱ्याच्या घराच्या जागी नवे घर: पर्यावरणाचा विचार नेमका कुठून सुरू करावा?

परसदार (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार.

दापोली तालुक्यात, समुद्रापासून साधारण सहा किलोमीटर आत, आमची वडिलोपार्जित सात गुंठे जागा आहे. तिच्यावर आजोबांनी बांधलेले चिऱ्याचे (म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे), मंगळुरी कौलांचे घर आहे. खरे तर 'होते' असेच म्हणायला हवे, कारण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात त्याचे निम्मे छप्पर उडाले, नंतरच्या पावसाळ्यांत उघडे पडलेले वासे कुजले आणि आता पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला कलली आहे. मी पुढील वर्षी निवृत्त होत असून ऑक्टोबर ते मे असे आठ महिने तिथे आणि पावसाळ्याचे चार महिने पुण्यात मुलाकडे, असा आम्हा दोघांचा विचार आहे.

एका ठेकेदाराने १,४०० चौरस फुटांचा आराखडा दिला आहे. त्यात आरसीसी कॉलम-बीमचा सांगाडा, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंती, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर स्लॅब असे सारे आहे. शिवाय स्लॅब गळू नये म्हणून त्याच्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालण्याचाही स्वतंत्र खर्च धरला आहे. गळू नये म्हणून स्लॅब आणि स्लॅब गळू नये म्हणून पत्रा, हा हिशेब मला काही केल्या पटत नाही. पण आजूबाजूची बहुतेक नवी घरे अशीच उभी राहिली आहेत हेही खरे. जुने घर पाडून त्याचा राडारोडा उचलून नेण्याचे वेगळे पैसे पडतील, असेही त्यांनी कळवले आहे.

पर्यावरणाला कमीत कमी झळ पोचेल असे घर बांधावे, अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे. परंतु या विषयावर जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. कुणी मातीचे घर सुचवतो, कुणी बांबूचे, तर कुणी सौर पॅनेल बसवले की झाले, असे सांगतो. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारी हवा आणि दमट उन्हाळा असलेल्या आमच्या गावात यातले काय टिकेल, आणि ज्याने खरोखर फरक पडतो अशा दोन-तीन गोष्टी कोणत्या, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

---

ओळंबा

परसदार, मी स्थापत्य अभियंता असून माझी बरीच वर्षे सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील लहान घरांच्या कामांत गेली आहेत. त्या आधारावर पहिली विनंती अशी की, जुने घर कृपया कोणालाही यंत्र लावून पाडू देऊ नका. ज्याला ठेकेदार राडारोडा म्हणत आहेत, तो तुमच्या नव्या घराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत स्वच्छ साठा आहे.

आजोबांच्या काळातील चिऱ्याचे बांधकाम बहुधा मातीच्या, क्वचित चुन्याच्या सांध्यात केलेले असते. असा सांधा दगडापेक्षा मऊ असल्यामुळे पहारीने हलके उचकटले की चिरा अखंड सुटतो. सिमेंटच्या सांध्याचे उलट असते. तिथे सांधा दगडापेक्षा कडक असतो, त्यामुळे भिंत उतरवताना सांधा शाबूत राहतो आणि चिरा फुटतो. म्हणूनच सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतींचा पुढे केवळ भराव होतो, तर मातीत बांधलेल्या भिंतींचे दुसरे घर होऊ शकते. शिवाय खाणीतून काढल्यावर मऊ असणारा जांभा हवेत राहून कडक होत जातो, त्यामुळे इतकी वर्षे हवा खाल्लेला तुमचा चिरा आज खाणीवर मिळणाऱ्या ओल्या चिऱ्यापेक्षा सरस असण्याची शक्यता आहे. भारतीय मानकानुसार जांभ्याच्या चिऱ्याची दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर किमान ३.५ न्यूटन असावी लागते. पाच-सहा चिरे प्रयोगशाळेत देऊन ती तपासून घ्या, म्हणजे पुढचे सारे निर्णय अंदाजावर राहणार नाहीत.

आता सिमेंटचा हिशेब मांडतो, कारण झळ कुठे बसते हे त्यावरून कळते. १,४०० चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब म्हणजे सुमारे १६ घनमीटर काँक्रीट, आणि त्यासाठी शंभराहून अधिक गोण्या सिमेंट लागते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला तापवावी लागते. इंधनाचा धूर वेगळाच, पण चुनखडी फुटताना तिच्यातून स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो कोणत्याही इंधनबदलाने टळत नाही. राखमिश्रित सिमेंट धरले तरी एका गोणीमागे अंदाजे तीस किलो म्हणजे केवळ स्लॅबच्या सिमेंटचे तीन टन होतात, आणि त्यातील लोखंडाचे जवळपास तेवढेच आणखी. दोन्ही बाजूंच्या गिलाव्याला चाळीस-पन्नास गोण्या लागतील, त्या निराळ्या. कॉलम-बीमचा सांगाडा तर एकमजली घराला लागतच नाही. चिऱ्याच्या भिंती छप्पर अगदी सहज पेलतात.

मात्र सांगाडा नको म्हणजे लोखंड-सिमेंट अजिबातच नको, असा अर्थ कृपया काढू नका. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांनी दगडी घरे कशी पडतात हे आपल्याला दाखवले आहे. किल्लारी परिसरात जाड भिंतींची दोन तोंडे एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते आणि वर माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, प्रचंड ओझे होते, म्हणून झोपेत असलेली माणसे भिंतींखाली गेली. तुमच्या घराला जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराच्या बैठकीला असे तीन सलग आरसीसी पट्टे, प्रत्येकी तीन इंच जाडीचे, कोपऱ्यांत न तुटणारे, अवश्य द्या. त्यांना लागणारे सिमेंट स्लॅबच्या मानाने फारच थोडे असते. त्या सिमेंटवर काटकसर करण्याची माझी तयारी नाही. भिंतींच्या सांध्यासाठी एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असे मिश्रण पुरते. ते पुरेसे मजबूत असते आणि शुद्ध सिमेंटच्या सांध्याइतके हटवादी नसते.

उष्णतेविषयी एक गैरसमज दूर करतो. जाड भिंतींमुळे घर थंड राहते हा अनुभव घाटावरचा आहे, कारण तिथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते व भिंत रात्री निवते. कोकणात ते अंतर कमी आणि दमटपणा जास्त, त्यामुळे अंगावरून वारा जाणे हाच खरा गारवा. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवा, समोरासमोर खिडक्या द्या आणि वळचण तीन फूट पुढे काढा. तुमच्याकडे डिसेंबरमध्येही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे तीन फुटांची वळचण दक्षिणेच्या भिंतीवर साधारण साडेतीन फूट सावली पाडते. पश्चिमेचे उतरते ऊन मात्र वळचणीला जुमानत नाही. त्या बाजूला पडवी किंवा झाडच हवे.

शेवटचे, आणि थोडे स्पष्टच लिहितो. दोन माणसांना १,४०० चौरस फूट कशासाठी हवेत, हा प्रश्न आराखडा काढणाऱ्याने विचारला नसेल, तर तो तुम्ही स्वतःला विचारा. एक खोली कमी केल्याने जी बचत होते, तिची बरोबरी कोणताही 'हरित' माल करू शकत नाही.

---

खळ्यातला

मी त्याच तालुक्यात राहतो आणि वर्षाचे बाराही महिने राहतो, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. ओळंबा यांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, परंतु कौलारू घराचे गुणगान करणाऱ्यांपैकी किती जणांनी मे महिन्यात स्वतः कौले चाळून घर शाकारले आहे, हे मला नेहमी विचारावेसे वाटते.

आमच्याकडे लोक कौलांकडून स्लॅबकडे वळले ते हौसेने नव्हे. पहिले कारण माकडे. एक टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौले फुटतात किंवा सरकतात, आणि ती जागच्या जागी बसवणारा माणूस वाडीत उरलेला नसतो. दुसरे कारण निसर्ग वादळ. त्या दुपारी आमच्या वाडीतील पत्रे पाचोळ्यासारखे उडाले, कौलांच्या घरांचे आढे उघडे पडले, आणि आम्ही सारे शेजारच्या एकुलत्या एका स्लॅबच्या घरात जाऊन बसलो. ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना स्लॅब म्हणजे पर्यावरणाचा शत्रू वाटत नाही, तो आसरा वाटतो.

आणि परसदार, तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात: पावसाळ्यात घर बंद राहणार. जूनमध्ये एक कौल सरकले आणि कोणी पाहिले नाही, तर सप्टेंबरपर्यंत वासा, भिंत आणि गादी तिन्ही गेलेली असतात. त्यामुळे माझा सल्ला मधल्या मार्गाचा आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक लहान खोली, मिळून अडीचशे-तीनशे चौरस फूट, यांवर स्लॅब टाका. मौल्यवान सामान आणि वादळाची रात्र यांची सोय तिथे होईल. उरलेल्या घरावर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यांवर पत्रा आणि पत्र्यावर तुमची जुनी कौले. पत्रा पाणी अडवतो आणि कौले ऊन अडवतात. मधल्या पोकळीतून हवा खेळती ठेवली तर दुपारी खाली तापत नाही आणि पावसाचा आवाजही कौलांखाली दबतो. एखादे कौल फुटले तरी घरात थेंब येत नाही. वळचणीच्या दोन ओळी आणि कोने तारेने बांधून घ्या, कारण वारा आधी कडा उचलतो. लोखंड मात्र जस्ताचा मुलामा दिलेले घ्या. खाऱ्या हवेत नुसता रंग फार काळ टिकत नाही.

चिरा उघडा ठेवण्याबाबतही एक दुरुस्ती सुचवतो. जांभा पाणी पितो. नैर्ऋत्येकडून आडवा येणारा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो, तिथे उघडा चिरा ऑगस्टपर्यंत आतून ओला होतो, शेवाळतो आणि कपाटातील कपड्यांना वास येतो. आमची जुनी माणसे त्या बाजूला झावळ्यांची झापे बांधत असत, ती काही शोभेसाठी नव्हती. म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजूंना पडवी फिरवावी, किंवा तेवढ्याच भिंतींना बाहेरून चुन्याचा गिलावा द्यावा. बाकी भिंती उघड्या राहिल्या तरी चालतील.

जाता जाता आणखी एक. चिरा कमी पडला म्हणून सरसकट नवा आणू नका. चिरेखाणींनी आमचे सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारे, कसे पोखरले आहेत ते एकदा पाहावे. याच सड्यांवर पावसाळ्यात फुलणाऱ्या, फक्त इकडेच आढळणाऱ्या वनस्पती आहेत आणि यांवरच ती कातळशिल्पे आहेत, ज्यांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाली. चिरा स्थानिक आहे म्हणून तो निष्पाप ठरत नाही. गावोगाव पडकी घरे आहेत. त्यांचा चिरा विकत मिळतो.

---

पांढरीची माती

मातीच्या घराचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात माझा अनुभव सांगतो. आम्ही भोर तालुक्यात दाबून घडवलेल्या मातीच्या विटांचे, म्हणजे मातीत साधारण पाच टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या आणि न भाजलेल्या विटांचे घर बांधले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि ऑरोव्हिलमध्ये या पद्धतीवर अनेक वर्षे काम झालेले आहे, आणि विटा भाजण्याचे इंधन वाचते हे खरेच आहे. परंतु आमचे पहिल्या खेपेचे काम पार फसले, कारण ज्यांच्याकडे ते सोपवले त्यांनी माती न तपासता जागेवरचीच काळी माती वापरली. ती भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर भेगाळते, हे शेतकऱ्याला विचारले असते तरी कळले असते. दुसऱ्या खेपेला मुरमाड तांबडी माती आणली, विटा जवळपास चार आठवडे झाकून ओल्या ठेवल्या, तेव्हा कुठे जमले.

तुमच्याकडे तयार चिरा पडलेला असताना मातीच्या विटा घडवण्याचे मला तरी प्रयोजन दिसत नाही. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या घराला तर मातीची बाह्य भिंत मी सुचवणारच नाही. हौस असेल तर आतल्या आडभिंती मातीच्या करा. तिथे पाऊस पोचत नाही.

---

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या आठवड्यात गावी जाऊन आलो. एका वयस्कर गवंड्यांना बरोबर घेतले होते. त्यांनी भिंतीत पहार घालून दाखवले, तेव्हा सांधा मातीचाच निघाला आणि चिरा खरोखर अखंड सुटला. त्यांच्या अंदाजाने तीन भिंतींचा चिरा पुन्हा वापरता येईल. कौलांपैकी निम्म्याहून थोडी अधिक चांगली आहेत. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारी तेवढी वेगळी रचून ठेवली आहेत. आराखडा ९५० चौरस फुटांवर आणला असून 'मुलगा-सून येतील तेव्हा' म्हणून धरलेली खोली पडवीत विलीन केली आहे. पत्नीने हा निर्णय माझ्या आधीच घेतला होता, असे नंतर कळले.

आता दोन शंका उरल्या आहेत. आवारात जुनी विहीर आहे, ती एप्रिलअखेर आटते. ठेकेदाराच्या आराखड्यात सेप्टिक टाकीचा शोषखड्डा तिच्यापासून बारा मीटरवर दाखवला आहे. हे चालेल का? दुसरी शंका, जुन्या लाकडाचे काय करावे?

---

पन्हळ

शोषखड्ड्याची जागा बदला, आणि हे काम बाकी साऱ्यांच्या आधी करा. सेप्टिक टाकीविषयीच्या भारतीय मानकात शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असे आहे, आणि जांभ्याच्या जमिनीत मी तेवढ्यावरही समाधान मानणार नाही. जांभा नळ्या-नळ्यांनी पोखरलेला असतो. काळ्या मातीत पाणी गाळले जात हळूहळू मुरते, तसे इथे होत नाही, ते वाट सापडेल तिकडे धावते. खड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला, आवारात जितका दूर नेता येईल तितका दूर न्यावा. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी त्यात सोडूच नका. ते वेगळ्या नळाने कर्दळ, अळू आणि केळींच्या वाफ्यात सोडले तर टाकीवरचा भारही हलका होतो.

पावसाच्या पाण्याचा हिशेब करून पाहा. वळचणी धरून तुमच्या छपराचे आडवे क्षेत्र ११० चौरस मीटर झाले, तर ३,५०० मिलिमीटर पावसात, गळती-उडती वजा जाता, सव्वातीन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळते. ते सारे साठवायला जाल तर टाकीच घरापेक्षा महाग पडेल, आणि तिचे सिमेंट तुम्ही स्लॅबमध्ये वाचवलेल्या सिमेंटला गिळून टाकील. म्हणून फक्त पिण्या-स्वयंपाकाचे पाणी साठवा. पाहुणे धरून चार माणसे, माणशी दहा लिटर आणि २४० दिवस, म्हणजे ९,६०० लिटर. दहा हजार लिटरची झाकलेली टाकी पडवीच्या जोत्यात बसते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय ठेवा आणि टाकी सप्टेंबरमध्ये भरा. त्यासाठी त्या महिन्यात एक फेरी मारावी लागेल. उरलेले पाणी गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला चरात जिरवा. विहीर त्यामुळे मेअखेर टिकेलच, अशी हमी मी देणार नाही, कारण जांभ्यात मुरलेले पाणी डोंगराच्या पायथ्याला झऱ्याने निघूनही जाते.

सौर पॅनेलचा विचार असेल, तर ते कौलांवर न बसवता खळ्यातला यांनी सुचवलेल्या लहान स्लॅबवर बसवा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते, परंतु एसी नसलेल्या दोन माणसांच्या घराला एक किलोवॅटही बऱ्यापैकी पुरतो. तो दिवसाला सरासरी चार युनिट देतो. माडाची सावली पडणार नाही एवढे मात्र पाहा.

---

ओळंबा

खळ्यातला यांची पश्चिम भिंतीबद्दलची दुरुस्ती मला पूर्णपणे मान्य आहे.

लाकडाविषयी: वासे-रिपा कुजल्या असल्या, तरी आढे, खांब आणि चौकटी सहसा जड लाकडाच्या असतात आणि त्यांचा गाभा शाबूत असतो. सुताराकडून टोके कापून पाहा. वाळवीने पोखरलेला भाग तिथे लगेच दिसतो. चांगल्या लाकडातून दारे, खिडक्या आणि पडवीचे खांब निघतील. वाळवीसाठी काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे व ती परिणामकारकही आहे, परंतु ते तेल कातडी भाजते, तेव्हा लावणाऱ्याला हातमोजे द्यावेत.

एक गोष्ट माझ्याकडून आधी राहून गेली. जुने जोते मोडू नका. नवा आराखडा त्याच चौकटीत बसत असेल, तर खोदाई, भराव आणि पायाचा दगड, सारेच वाचते. पश्चिमेची भिंत कलली म्हणून पायाच खचला आहे, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. छप्पर उडाल्यावर भिंतीच्या माथ्यातून पाणी शिरले, सांध्यातील माती वाहून गेली आणि भिंत पोटातून सुटली, असेही असू शकते. त्या भिंतीच्या दोन्ही टोकांना बाहेरून दोन खड्डे पायाच्या तळापर्यंत खणा. पाया कातळावर टेकलेला आणि ओळंब्यात असेल, तर त्यावर जोत्याचा पट्टा ओतून तिथूनच वर निघा. नसेल, तर तेवढीच बाजू नव्याने भरा. खड्डे खणाल तेव्हा मोजपट्टी ठेवून छायाचित्रे काढा आणि इथे टाका, म्हणजे पट्ट्यातील सळ्यांचे माप सांगता येईल.